डब्याच्या मागची बारीक अक्षरं

मागच्या व्हरांड्यातल्या घमेल्याला मुंग्या लागल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. त्या घमेल्यात वाळू असते आणि ती खंडूची, आमच्या बोक्याची. नऊ वर्षांत तिथे कधी मुंगी फिरकली नव्हती. मी वाळू बदलली, घमेलं घासून उन्हात ठेवलं, आणि दोनच दिवसांत परत काळी रांग. अण्णा खुर्चीतून बघत होते. त्यांना स्वतःला वीस वर्षांपासून साखर आहे. म्हणाले, "अगं, त्याची लघवी गोड झालीय. डॉक्टरांकडे घेऊन जा त्याला."

लघवीला मुंग्या लागणं ही मधुमेहाची खूण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत नोंदवलेली आहे, हे अण्णांना माहीत होतं. मांजराला मधुमेह होतो, हे मात्र मला माहीत नव्हतं. मग बाकीच्या गोष्टी एकेक करून डोळ्यांपुढे आल्या. पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागत होतं. खंडू न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालत होता. दिवसभर खायला मागायचा, आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे. मागचे पाय तो पंजावर टेकवायचा सोडून टाचेपर्यंत जमिनीला लावून चालायला लागला होता. मी ते वयावर ढकललं होतं. ती टाच साखरेने नसा दुखावल्याची खूण असते, हे नंतर कळलं.

खंडू चंपाषष्ठीच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी सापडला. हळदीच्या रंगाचा, म्हणून खंडू. बोका, लहानपणीच नसबंदी केलेला, घरातच वाढलेला, गेल्या वर्षीपर्यंत सव्वासहा किलोचा. वय झालेला, जाडजूड, नसबंदी झालेला घरबशा बोका म्हणजे मांजरांमधल्या मधुमेहाचा ठरलेला गिऱ्हाईक, असं डॉक्टर म्हणाले. वजन केलं तर ४.८ भरलं.

आमचे डॉक्टर मूळचे गुरांचे. सकाळी गावोगाव म्हशी बघतात, संध्याकाळी साताऱ्यातल्या दवाखान्यात कुत्री-मांजरं. त्यांनी माझ्यासमोरच पुण्यातल्या आपल्या मित्राला फोन लावला आणि दोघांनी मिळून ठरवलं. याचा मला फार आधार वाटला. रक्तातली साखर ४१८ निघाली, पण मांजर नुसतं घाबरलं तरी साखर चढते, म्हणून त्यांनी गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी पुण्याला पाठवली. किडनीचीही केली. किडनी ठीक होती, फ्रुक्टोसामाइन वाढलेलं होतं. शंका उरली नाही.

ग्लार्जिन इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ १ युनिट. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अण्णांचं इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचं, त्यांच्या सिरिंजा लाल टोपणाच्या. खंडूचं १०० युनिटचं, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. एकाच फ्रिजमध्ये दोघांच्या बाटल्या. चुकून लाल सिरिंजेत खंडूचं औषध एका रेघेपर्यंत ओढलं तर १ ऐवजी अडीच युनिट जातं. पाच किलोच्या जिवाला ते फार होतं. मी खंडूचं सगळं सामान वेगळ्या डब्यात ठेवलं, झाकणावर त्याचं नाव लिहिलं आणि तो डबा वरच्या कप्प्यात ठेवला.

सुई टोचणं मला जड जाईल असं वाटलं होतं, पण ते चार दिवसांत जमलं. खरी दमछाक झाली ती खाण्यापायी.

डॉक्टर म्हणाले, "अर्धं काम इन्सुलिन करेल, उरलेलं अर्धं त्याच्या ताटलीत आहे. मांजरांच्या खाण्याचे पाकिटातले कोरडे दाणे हळूहळू बंद करा, ओलं खाणं द्या. एकूण कॅलरीतला कर्बोदकांचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास असू दे, १२ च्या वर नको." आणि अण्णांकडे बघून, "आजोबा, दूधपोळी बंद."

अण्णांच्या चेहऱ्यावरचं ते मला अजून दिसतं. रोज सकाळी स्वतःची पोळी खाताना एक कोर दुधात कुस्करून ते खंडूला द्यायचे. कुणी कंदी पेढे आणले तर बोटावरचा चुरा खंडूने चाटायचा हेही ठरलेलं. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूधपोळीच. पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. आपल्या यकृतात जेवणातली साखर झटकन ताब्यात घेणारं एक विकर असतं, ग्लुकोकायनेज. मांजराच्या यकृतात ते अगदीच नावापुरतं. उलट ते प्रथिनांपासूनच साखर तयार करत राहतं आणि त्यावर जगतं. पोळी, भात, बिस्किट हे त्याच्या शरीराला हाताळायची सवयच नाही. मी हे सांगितल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा त्याचं पथ्य कडक." दुसऱ्या दिवसापासून ते दार लोटून पोळी खायला लागले.

दाणे का नकोत, हे मला आधी कळलं नव्हतं. पाकिटावर चिकनचं चित्र होतं. मग मागची बारीक अक्षरं वाचली: प्रथिनं ३०, चरबी १०, तंतू ४, पाणी १०, राख ८ टक्के. कर्बोदकं किती, ते कुठेच नाही. बहुतेक पाकिटांवर ते नसतंच. ते आपणच काढायचं. शंभरातून हे सगळं वजा केलं की उरतात ती कर्बोदकं: ३८. राख म्हणजे खनिजं, खाणं जाळल्यावर उरतात ती. ती विसरली तर हिशोब चुकतो.

पण ३८ हेही खरं उत्तर नाही. डॉक्टरांना कॅलरीतला वाटा हवा होता. त्यासाठी प्रथिनांच्या दर ग्रॅमला ३.५, चरबीच्या ८.५ आणि कर्बोदकांच्या ३.५ कॅलरी धरतात. म्हणजे १०५ अधिक ८५ अधिक १३३, एकूण ३२३, त्यातल्या १३३ कर्बोदकांच्या. ४१ टक्के. मी हे आकडे अण्णांच्या जुन्या डायरीत मांडले आणि बराच वेळ तिकडे बघत बसले. नऊ वर्षं मी हेच दिलं होतं, चांगलं म्हणून. यात कोणाचा डाव नाही. दाण्याला आकार द्यायला स्टार्च लागतोच. पिठाशिवाय चकली पडत नाही तसं. ओल्या खाण्याला ती गरज नसते.

पोवई नाक्याजवळच्या दुकानात ओल्या खाण्याचे तीन-चारच प्रकार होते. मी सगळे आणले. बाकीच्यांचे मागच्या बाजूचे फोटो ऑनलाइन दुकानांवर शोधून, मोठे करून वाचले. आठवडाभर रात्री जेवणं आटोपली की मी आणि डायरी. एकूण एकवीस पाकिटं झाली. त्यात जे दिसलं ते असं.

ग्रेव्हीवाली पाकिटं सगळ्यात फसवी. एकावर प्रथिनं ८, चरबी २.५, तंतू १, पाणी ८३. राख लिहिलेली नव्हती, म्हणून २ धरली. कर्बोदकं उरली साडेतीन. साडेतीन म्हणजे काहीच नाही असं वाटून मी ते जवळजवळ नक्की केलं होतं. पण कॅलरीत मांडलं तर २८, २१ आणि १२, म्हणजे कर्बोदकांचा वाटा २० टक्के. पाणी इतकं असतं की साडेतीन हा आकडा लहान दिसतो. पाणी बाजूला काढलं की त्याचं खरं माप कळतं. घटकांच्या यादीत पाहिलं तर गव्हाचं पीठ आणि मॉडिफाइड स्टार्च होतंच. आपण रश्शाला दाटपणा यावा म्हणून पीठ लावतो, तेच.

खिम्यासारख्या घट्ट लगद्याचे डबे, ज्यावर लोफ किंवा मूस लिहिलेलं असतं, ते चांगले निघाले. एकाचे आकडे: प्रथिनं १०, चरबी ५, तंतू १, पाणी ८०, राख अडीच. कर्बोदकं दीड, कॅलरीतला वाटा ६ टक्क्यांच्या जरा वर. हाच पुढे खंडूचा मुख्य डबा झाला. याच्या यादीत ग्वार गम होतं आणि मी आधी घाबरले. ते आपल्या गवारीच्या बियांपासून काढलेलं डिंकासारखं तंतू असतं, स्टार्च नव्हे, आणि किंचितच घालतात. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलं.

जेलीतला ट्यूना आकड्यांत पहिला आला असता: कर्बोदकांचा वाटा ४ टक्क्यांच्याही आत. पण पाकिटाच्या कोपऱ्यात एक शब्द होता, पूरक आहार. याचा अर्थ ते पूर्ण जेवण नव्हे, वरचं खाणं. टॉरिन नावाचं मांसातलं अमिनो आम्ल, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांची भर त्यात पुरेशी नसते. टॉरिनशिवाय मांजराचं हृदय कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्याआधी कितीतरी मांजरं त्या आजाराने गेली. हे कळल्यापासून मी आकड्यांच्या आधी तो शब्द शोधते. पूर्ण आहार लिहिलेलं नसेल तर पाकीट तिथेच बाजूला.

अण्णांचं म्हणणं होतं की नुसती कोंबडी उकडून द्यावी. कर्बोदकं शून्य, शिवाय ताजं. त्यांचं कर्बोदकांचं बरोबर होतं. पण नुसत्या मांसात कॅल्शियम नाही, आणखीही बरंच नाही. रोजचं जेवण म्हणून ते चालत नाही. तोडगा निघाला: दिवसाला १५ ग्रॅम कोंबडी, मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसूण मांजराला विषारी, अगदी रश्शाच्या पाण्यातूनसुद्धा. दूधपोळीच्या वेळी आता अण्णा ही कोंबडी हाताने देतात. वजनकाट्यावर मोजून.

पाकिटांच्या पुढच्या बाजूला जे ठळक लिहिलेलं असतं त्यावर मी विश्वास ठेवणं सोडलं. 'धान्यविरहित' लिहिलेल्या एकात बटाटा आणि टॅपिओका होता. साबुदाणा ज्याचा करतात तेच पीठ. वजन कमी करायच्या खाण्यात चरबी काढून त्या जागी स्टार्च भरलेला. खास मधुमेहासाठीच्या एका कोरड्या खाण्याचाही हिशोब मी केला. साध्या दाण्यांपेक्षा तो बराच बरा, तरी माझ्या साध्या लगद्याच्या डब्याच्या तिप्पट निघाला. मधुमेहासाठीचे ओले डबे चांगले असतात, पण ते साताऱ्यात मिळत नव्हते, कुरियरने आले तरी पुढचा हप्ता कधी येईल त्याची खात्री नव्हती. मधुमेही मांजराचं खाणं अचानक संपून चालत नाही. मी जे सतत मिळेल ते निवडलं, आणि अजूनही मला तेच योग्य वाटतं.

एवढं करून पहिला डबा उघडला. खंडूने वास घेतला, आणि घमेल्यात वाळू ओढतो तशी ताटलीभोवतीची फरशी ओरबाडायला लागला. पुरून टाकायचं होतं त्याला ते. मला रडू आलं.

भूक लागली की खाईल, असं शेजारच्या दोघी-तिघी म्हणाल्या. डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं की हा नियम मांजराला लावायचा नाही. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, आणि इन्सुलिन चालू असताना पोट रिकामं राहणं हे आणखी वाईट. त्यामुळे चमच्या-चमच्याने सुरुवात केली. जुन्या दाण्यांत एक चमचा लगदा. डबा फ्रिजमधून काढला की वाटी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतका गरम करायचा. थंड खाण्याला वास नसतो आणि मांजर नाकाने जेवतं. तरी दोन दिवस त्याने दाणे निवडून खाल्ले. मग मीठ न लावलेला सुका जवळा तव्यावर भाजून, कुटून, त्याची चिमूट वर पेरली. डॉक्टरांना विचारूनच. तिसऱ्या दिवशी सकाळी ताटली चाटून पुसून स्वच्छ. मी अण्णांना झोपेतून उठवून दाखवली.

आणि इथेच मी चूक केली.

त्याला ओलं खाणं आवडलं याचा मला इतका आनंद झाला की दहा-बारा दिवसांत करायचा बदल मी सहा दिवसांत उरकला. दाणे पूर्ण बंद. डॉक्टरांना कळवलं नाही. परवाच तर बोललोय, असं वाटलं. ताटलीतली कर्बोदकं ४१ टक्क्यांवरून ६ वर आली आणि इन्सुलिन होतं तेवढंच राहिलं. आठव्या दिवशी दुपारी मी कामावरून घरी आले तर खंडू अण्णांच्या कॉटखाली. हाक मारली तर उठला, आणि मागचे पाय एका बाजूला कलंडले. डोळे विस्फारलेले. कानाच्या कडेला टोचून मशीनवर बघितलं: ५२. माणसांचं मशीन मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमीच दाखवतं, पण तेव्हा ते आठवून काय उपयोग. बोटाने हिरड्यांवर मध चोळला. अण्णा त्याचं डोकं धरून बसले होते, त्यांचे हात थरथरत होते. दहा मिनिटांनी परत मध. मग त्याने मान उचलली, आणि मी फेकायला काढलेल्या जुन्या दाण्यांच्या पिशवीतलेच मूठभर दाणे दिले. ते त्याने खाल्ले.

डॉक्टर फोनवर रागावले नाहीत. संध्याकाळचं इन्सुलिन द्यायचं नाही, रात्रभर दर दोन तासांनी साखर बघायची, उद्या दवाखान्यात या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "खाणं बदलणं म्हणजे औषध बदलणं. तुम्ही औषध बदललंत आणि मला सांगितलं नाहीत." डोस अर्ध्या युनिटवर आला. अर्ध्या युनिटची रेघ असलेल्या सिरिंजा पुण्याहून मागवाव्या लागल्या. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. ज्यांच्या मांजराला इन्सुलिन चालू आहे त्यांनी दाणे बंद करायच्या आधी डॉक्टरांना फोन करावा, नंतर नाही. आणि मध घरात असू द्यावा.

बाकीचं रोजचं आहे. ८५ ग्रॅमच्या एका डब्यात साधारण ७० कॅलरी, म्हणजे दिवसाला तीन डबे आणि अण्णांची कोंबडी. सकाळी सात, दुपारी थोडं, संध्याकाळी सात. उघडलेला डबा काचेच्या वाटीत झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांच्या वर नाही. एप्रिल-मेमध्ये ताटलीतलं उरलेलं तासाभरात उचलते, नाहीतर माशा बसतात आणि नंतर तो त्याला तोंडही लावत नाही. खर्च महिन्याला दाण्यांच्या कितीतरी पट झाला. तो कुठून काढायचा याचा विचार आम्ही केला आणि काढला. सगळ्यांना जमेलच असं नाही, हे मला कळतं. ज्यांना तीनही डबे परवडत नाहीत त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. स्वस्तातल्या लोफच्या पाकिटांतही १० टक्क्यांच्या आतली दोन मला सापडली होती. नुसत्या किमतीवरून काही कळत नाही.

मध्ये एकदा तो मुख्य डबा बाजारातून महिनाभर गायब झाला. डायरीतला दुसऱ्या क्रमांकाचा डबा मी आधीपासून आठवड्यातून एकदा देत होते, त्यामुळे तोंड फिरवणं झालं नाही. त्याचा वाटा ९ टक्के. साखर थोडी वर राहिली, डॉक्टरांना कळवलं, डोस तोच ठेवला.

आता सात महिने झालेत. वजन ५.४ किलो. साखर बहुतेक दीडशे ते सव्वादोनशेच्या मध्ये असते. टाच उचलून चालतो, कधीकधी खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारतो. इन्सुलिन पूर्ण सुटलेलं नाही. लवकर उपचार सुरू झालेल्या काही मांजरांचं सुटतं, असं डॉक्टर म्हणतात, आणि मी दर महिन्याला त्यांना तोच प्रश्न विचारते. घमेल्याला मुंग्या नाहीत. मी अजून रोज वाकून बघते.

परवा दुकानदाराने नवीन आलेला एक डबा नमुना म्हणून दिला. मी स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात अण्णांनी चष्मा लावून तो उलटा केला, खिडकीशी नेला, आणि तिथूनच हाक मारली, "अगं, पूर्ण आहार लिहिलंय. पण यावर राख दिलेली नाही." मी डायरी आणायला आत गेले.